एका मंत्रापुढे टिकेल अशी साथ : माझा कॅम्पेन-रचनेचा अनुभव

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या कथा-खेळात साथीच्या रोगाभोवती कॅम्पेन, म्हणजे अनेक सत्रांची सलग कथा, रचायला बसलेला डंजन मास्टर, म्हणजे खेळाचा सूत्रधार, आज ना उद्या एका नियमापाशी अडतोच. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ सालच्या पुस्तकात लेसर रिस्टोरेशन नावाचा दुसऱ्या पातळीचा मंत्र आहे. क्लेरिकने, म्हणजे दैवी मंत्र म्हणणाऱ्या पुजारी-पात्राने, रुग्णाला स्पर्श करून तो म्हटला की एक रोग जागच्या जागी बरा होतो. त्याला ना महाग साहित्य लागते, ना फासा टाकावा लागतो. क्लेरिकला हा मंत्र पात्राच्या प्रगतीच्या तिसऱ्या टप्प्याला, म्हणजे तिसऱ्या लेव्हललाच मिळतो. पॅलाडिनला, म्हणजे धर्मयोद्ध्याला, तर मंत्रही लागत नाही, कारण हस्तस्पर्शाने बरे करण्याच्या त्याच्या रोजच्या साठ्यातले पाच गुण खर्च केले की एक रोग जातो आणि तिसऱ्या लेव्हलपासून त्याला स्वतःला कोणताही रोग होत नाही. ज्या साथीने शहराच्या वेशी बंद व्हायला हव्यात, ती साथ खेळाडू दुपारच्या जेवणाआधी संपवू शकतात, आणि ही गोष्ट मला आजही खटकते.

साथीचे नाव, लक्षणे, शहराचा नकाशा, नगरसभेतली माणसे हे सारे सहज जमले. रोगाचे नाव मी ‘सावलीगळ’ ठेवले. लागण झालेल्या माणसाची सावली रोज थोडी फिकट होते आणि तिच्याबरोबर त्याचा थकवा वाढतो. थकव्याच्या सहा पायऱ्या नियमांत आहेतच आणि सहाव्या पायरीला मृत्यू आहे, त्यामुळे वेगळी यंत्रणा रचावी लागली नाही. असे डोळ्यांना दिसणारे लक्षण जरूर निवडावे. भर उन्हात चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांशी सगळ्यांची नजर जाते, तेव्हा भीती वेगळी वर्णन करून सांगावी लागत नाही.

अडले ते त्या मंत्रापाशी, आणि फार काळ अडले. ‘हा रोग जादुई आहे, म्हणून यावर मंत्र चालत नाही’ असे जाहीर करण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो. मला तो सुरुवातीपासून अमान्य होता. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने हौसेने उपचार करणारी क्लेरिक निवडली होती आणि एका मित्राने पॅलाडिन. माणसांना बरे करण्यासाठी ज्यांनी ही पात्रे घेतली, त्यांच्याच हातातले सामर्थ्य नेमक्या साथीच्या कॅम्पेनमध्ये काढून घेणे हा त्यांच्यावर सरळ अन्याय आहे. मंत्राला दुर्मीळ साहित्याची अट जोडावी, असाही एक सल्ला असतो. पण मग साथीचा शोध बाजूला पडतो आणि कॅम्पेन ते साहित्य आणण्याच्या प्रवासाचे होऊन बसते.

वाट सापडली ती साध्या गणितातून. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडे दुसऱ्या पातळीचे तीन आणि तिसऱ्या पातळीचे दोन मंत्र-साठे, म्हणजे दिवसभरात मंत्र म्हणण्याच्या संधी, असतात. ते सर्व याच कामी लावले, तर दिवसाला पाच रुग्ण बरे होतात. त्याच लेव्हलच्या पॅलाडिनचा साठा पंचवीस गुणांचा, म्हणजे आणखी पाच, आणि त्याच्या दुसऱ्या पातळीच्या दोन मंत्र-साठ्यांतून हाच मंत्र म्हटला तर आणखी दोन. दोघे मिळून बारा, तेही लढाईसाठी काही न राखता. माझ्या शहराची वस्ती वीस हजार आहे, मंदिरात हा मंत्र येणारे पुजारी मोजून चार आहेत आणि साथ ऐन भरात असताना रोज साठ जणांना नव्याने लागण होते. हे आकडे मी कोऱ्या कागदावर मांडले तेव्हा ध्यानात आले की मंत्राला हात लावण्याची काहीच गरज नाही. मंत्र जसा आहे तसाच चालू द्यावा, फक्त दारापुढच्या रांगेत रोज किती माणसे उभी आहेत आणि त्यांतली किती संध्याकाळी तशीच परत जातात, हे खेळाडूंना प्रत्येक सकाळी सांगावे. कोणाला आधी बरे करायचे, हा प्रश्न मग आपोआप खेळाच्या मध्यभागी येतो. नगरशेठ आपल्या मुलासाठी पैसे पुढे करतो, विहिरी उपसणारा एकटाच कमावता असतो, आणि पुजाऱ्यांपैकीच एकाची सावली फिकट झालेली असते.

गणिताने अर्धा प्रश्न सुटला. उरलेला अर्धा बरे झालेल्यांचा होता, कारण सहा नायक पुरेसे दिवस राबले तर रांग कधीतरी संपतेच. म्हणून रोगाचे मूळ माणसात न ठेवता वस्तूत ठेवले. शहराचे रस्ते आणि श्रीमंतांची घरे कधीही न विझणाऱ्या जादुई दिव्यांनी उजळलेली आहेत, आणि हा उजेड फुकट येत नाही; त्या उजेडात रात्रभर झोपणाऱ्याच्या सावलीतून तो आपले इंधन घेतो. बरा झालेला माणूस घरी परततो, त्याच दिव्याखाली झोपतो आणि आठवड्याने पुन्हा रांगेत दिसतो. क्लेरिकचा प्रत्येक मंत्र शंभर टक्के लागू पडतो आणि तरीही साथ हटत नाही.

इथे मला २००५ सालचा एक खराखुरा प्रसंग फार उपयोगी पडला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात हक्कार नावाच्या शत्रूचा ‘करप्टेड ब्लड’ हा शाप खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर त्याच्या ठिकाणाबाहेर पडला आणि शहरांत पसरला. दुकानदार पात्रे मरत नव्हती, पण लागण पुढे देत होती. उपचार करणारे खेळाडू ज्यांना जगवत होते, ते इतरांना बाधित करत होते. २००७ मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी लॅन्सेटच्या संसर्गजन्य रोगांवरील नियतकालिकात यावर लेख लिहिला. कॅम्पेन रचणाऱ्याने त्यातून एवढे घ्यावे, की लक्षणे न दिसणारा वाहक हवा आणि उपचाराचाही परिणाम साथीवर व्हायला हवा.

सुगाव्यांची सांगड घालायला लंडनच्या १८५४ सालच्या पटकीचा आधार घेतला. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे शोधली तेव्हा ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप उघडा पडला, आणि ते मृत्यू त्यांनी नंतर नकाशावरही मांडले. मी खेळाडूंच्या हाती शहराचा कोरा नकाशा दिला आणि खुणा त्यांनाच करू दिल्या. चांभारवाड्यात तेलाचे दिवे आहेत आणि तिथे कोणी आजारी नाही. रात्रपाळीचे पहारेकरी दिवसा अंधाऱ्या कोठडीत झोपतात आणि ठणठणीत आहेत. साथ गरिबांच्या आधी श्रीमंतांच्या वाड्यांत शिरली. एका निष्कर्षासाठी निदान तीन सुगावे ठेवावेत, कारण त्यांतला एक तरी हमखास नजरेतून सुटतो.

पॅलाडिनच्या रोगमुक्तीचे काय करायचे, याचे उत्तर पुण्याच्या इतिहासात मिळाले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, पुढच्या वर्षी पुण्यात रँडच्या हुकमाने सोल्जर घरोघर झडत्या घेऊ लागले आणि २२ जून १८९७ रोजी चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. माझ्या नगरसभेनेही ज्याला रोग होऊच शकत नाही त्या पॅलाडिनला झडतीपथकाचा प्रमुख नेमले. त्याचे सामर्थ्य अबाधित राहिले आणि त्याच सामर्थ्यामुळे त्याला लोकांच्या देवघरात पाऊल टाकण्याची वेळ आली. माझ्या मते संपूर्ण कॅम्पेनमधला सर्वांत सकस भाग हाच ठरला, आणि याचा मला अभिमान आहे.

एक गोष्ट खरे तर आधी सांगायला हवी होती. पहिल्या सत्राच्या अगोदर प्रत्येक खेळाडूशी स्वतंत्र बोलावे. करोनाच्या काळात घरातले माणूस गमावलेले कोणी गटात असेल, तर प्राणवायू, रुग्णालयाच्या खाटा, न झालेले अंत्यदर्शन यांपैकी काय कथेत येऊ द्यायचे नाही, हे त्याच्याकडूनच ऐकावे. आमच्या गटात लहान मुलांचे मृत्यू आणि सामुदायिक चिता वगळायच्या ठरल्या, आणि त्याने कथेची धार जराही कमी झाली नाही.

२०२४ च्या नव्या पुस्तकात लेसर रिस्टोरेशनच्या वर्णनातून रोगाचा उल्लेखच गेला आहे आणि पॅलाडिनची रोगमुक्तीही राहिलेली नाही, त्यामुळे नव्या नियमांनी खेळणाऱ्यांना हा अडथळा जाणवणार नाही. त्यांनी मात्र साथीवर चालेल असा एखादा उपचार स्वतःहून खेळात ठेवावा, तो दिवसाला किती जणांना पुरतो हे आधी ठरवावे आणि तो आकडा पहिल्याच सत्रात खेळाडूंना सांगून टाकावा.