दहाबची नोंद: डाइव्ह ५ ते ११

तारकर्लीला ओपन वॉटरच्या, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या कोर्सच्या, चार डाइव्ह झाल्या, तेव्हाच मी भाचीला म्हटलं होतं की पाचवी तांबड्या समुद्रात करायची. बोटीवरच्या डाइव्हचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता, म्हणून दहाब निवडलं. इजिप्तमधल्या सिनाईच्या पूर्व किनाऱ्यावर, तांबड्या समुद्राच्या अकाबा आखाताला लागून असलेलं हे मूळचं बेदुइनांचं गाव. इथे रीफ, म्हणजे प्रवाळाची रांग, अगदी किनाऱ्यालाच आहे. सिलिंडर पाठीवर घ्यायचा, फिन्स हातात धरायच्या आणि चालत पाण्यात उतरायचं.

इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसने मुंबई, तिथून विमानाने कैरो आणि पुढे रात्रभर बस. बस सुवेझ कालव्याखालच्या बोगद्यातून सिनाईत शिरते. वाटेत तपासणी नाके लागतात, तेव्हा पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

राहायला दोघींत एक साधी खोली, पंखा आणि गच्ची असलेली. सकाळी फूल आणि तामिया, म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची उसळ आणि वडे, सोबत गरम पोळीसारखी ऐश. पोट भरतं आणि खिशाला जाणवत नाही. घरून नेलेली लौंग शेव त्या उसळीवर फार छान लागली. मास्क आमचे स्वतःचे होते, बाकी सगळं भाड्याने.

खरी बचत मात्र एका निर्णयाने झाली: सातपैकी सहा डाइव्ह आम्ही लाइटहाउसलाच केल्या. गावातल्याच खाडीत ही जागा आहे, जीप लागत नाही. वाळूचा उतार, थोडं समुद्रगवत आणि बाजूला रीफची भिंत. माझ्यासारख्या नवशिक्या डाइव्हरने नव्या जागांमागे धावण्यापेक्षा एकच जागा पुन्हा पुन्हा पाहावी, असं आता मला मनापासून वाटतं. वाट पाठ झाली की लक्ष स्वतःच्या शरीराकडे जातं.

डाइव्ह ५. वजनांचा गोंधळ, म्हणजे पाण्याखाली जाण्यासाठी अंगावर बांधायच्या शिशाचा. तांबड्या समुद्राचं पाणी नेहमीच्या समुद्रापेक्षाही खारट आहे, कारण पाऊस नगण्य, नद्या जवळजवळ नाहीतच आणि बाष्पीभवन प्रचंड. गोड्या पाण्यापेक्षा ते सुमारे तीन टक्के जड. मी आणि माझं सामान मिळून ९० किलो धरले, तर महेश्वरला नर्मदेत लागेल त्यापेक्षा इथे पावणेतीन किलो शिसं जास्त हवं. ५ मिमीच्या सूटची तरंगण्याची ओढ वेगळी. सुरुवातीला खाली जाईचना, मग भीतीने दोन किलो जास्तच बांधलं. परिणाम असा की सगळा वेळ बीसीडीत, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटात, हवा भर आणि सोड. सिलिंडरमधली १५० बार (दाबाचं एकक) हवा ३६ मिनिटांत संपली. वर आल्यावर भाची म्हणाली, "मावशी, तू हात किती हलवतेस गं! दमशील ना."

डाइव्ह ६ आणि ७. हात छातीशी बांधून पोहले. प्रशिक्षकाने वजनं तपासायची रीत शिकवली, ती इथे नीट लिहून ठेवते. सिलिंडर भरलेला असताना तपासलं तर फसगत होते. १२ लिटरच्या सिलिंडरमधले १५० बार वापरले म्हणजे १८०० लिटर हवा गेली. तिचं वजन दोन किलोच्या वर भरतं, आणि तेवढे आपण शेवटी हलके होतो. म्हणून ५० बार उरलेले असताना, वर येताना घ्यायच्या पाच मीटरवरच्या तीन मिनिटांच्या थांब्यात, बीसीडी रिकामं करून स्थिर राहता आलं की वजन बरोबर. दोन डाइव्हमध्ये मिळून दोन किलो उतरवले.

डाइव्ह ८ आणि ९. श्वास लांब झाला. श्वास घेतला की तळहाताएवढी वर, सोडला की तेवढीच खाली. भिंतीसमोर अँथियस या छोट्या केशरी माशांचा थवा होता, आणि पहिल्यांदाच तो मला पाहून पांगला नाही. मी दहा मिनिटं तिथेच राहिले.

डाइव्ह १०. ईल गार्डन. वाळूतून शेकडो बारीक ईल, म्हणजे सापासारखे मासे, माना वर काढून प्रवाहाकडे तोंड करून डोलत असतात. जवळ जाताच बिळात गुडुप. लांबूनच, श्वास हळू ठेवून पाहायचं.

ब्लू होलला आम्ही फक्त स्नॉर्कलिंग केलं. शंभर मीटरच्या आसपास खोल असलेला तो खड्डा आणि ५५ मीटरच्या आसपासची ती कमान, जिच्या ओढीने अनेक डाइव्हर परतले नाहीत. काठावरच्या खडकावर त्यांच्या नावांच्या पाट्या आहेत. मी त्या एकेक वाचल्या. माझी मर्यादा १८ मीटर आहे आणि ती मला पुरते. वरच्या चार-पाच मीटरमधलं प्रवाळ तिथे इतकं सुंदर आहे की दोन तास कसे गेले कळलं नाही.

जबल मूसा हा सिनाईतला डोंगर चढायचा असेल तर डाइव्हिंगच्या आधी चढा. तो २२८५ मीटर उंच आहे, आणि डाइव्हनंतर लगेच उंची गाठणं विमानात बसण्याइतकंच धोक्याचं. आम्ही तो पहिल्याच रात्री केला. परतीच्या विमानाआधी १८ तास कोरडे हवेत, आम्ही पूर्ण दिवस ठेवला.

डाइव्ह ११. पुन्हा लाइटहाउस. सरासरी खोली पाचव्या डाइव्हसारखीच, आठ मीटर. तेच १५० बार यावेळी ५४ मिनिटं पुरले. हिशेब केला तर पृष्ठभागावरच्या दाबाला धरून हवेचा वापर मिनिटाला २८ लिटरवरून साडेअठरावर आला. थांब्यावर भाचीने हवा किती म्हणून खूण केली. मी बोटांनी ५० दाखवले, आणि तिने दोन्ही हात छातीशी बांधून माझ्याकडे बोट केलं.