खाजकुयलीचं चूर्ण आणि माझे पाय

मंगळवार, रात्री साडेअकरा

पाय आज शांत आहेत, म्हणून एका जागी बसून लिहिता येतंय. खाजकुयलीबद्दल एकदा सगळं सलग लिहून काढायचं कधीचं मनात होतं. रोजच्या नोंदी वहीत आहेत, पण त्या तुटक: किती वाजता सुरू झालं, कधी थांबलं, चूर्ण घेतलं की नाही. शाळेत, देवळात, माहेरी बायका विचारतात, ‘तुम्ही काय घेता हो?’ त्यांना अशा चार आकड्यांनी काय कळणार?

आधी त्रास काय तो. हे दुखणं नाही, हेच डॉक्टरांना समजावताना माझी कितीतरी वर्षं गेली. पोटरीच्या आत, पार हाडाजवळ, काहीतरी वळवळतं. पाय हलवला की थांबतं, ठेवला की पुन्हा सुरू. फळ्यापुढे उभी असते तेव्हा त्याचं नावही नसतं. रात्री पाठ टेकली, एसटीत खिडकीशी बसले, कीर्तनात मांडी घातली, की आलंच. म्हणून मी देवळात मागच्या खांबाशी उभी राहून कीर्तन ऐकते. लोकांना वाटतं, बाईंची कंबर धरते.

माझी आजी रात्री दोन्ही पोटऱ्यांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आवळून बांधायची आणि ओटीवरच्या झोपाळ्यावर पायाने झोका घेत बसायची. घरची निजानीज झाली तरी कड्यांचा आवाज चालूच. ‘म्हातारीला झोप नाही’ एवढंच सगळे म्हणत. आई पाय गार जमिनीवर घासायची आणि आम्हा पोरांना चेपायला लावायची. हा विकार बरेचदा घराण्यात चालतो, हे मला पन्नाशीत कळलं. थॉमस विलिस नावाच्या इंग्रज वैद्याने १६७२ मध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलं होतं. पुढे १९४५ मध्ये स्वीडनच्या कार्ल-ॲक्सेल एकबॉम यांनी त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला आणि ‘रेस्टलेस लेग्ज’ हे नाव रूढ झालं. त्या साली आजी पंचविशीची असेल, पदरात दोन-तीन मुलं. तिच्या त्रासाला नाव होतं, कारणं शोधली जात होती, आणि ती मात्र रात्रभर झोके घेत होती. हे वाचलं त्या दिवशी मला तिच्यासाठी रडू आलं.

बुधवार

काल आजीपाशीच थांबले. आज औषधाचं.

आमच्या वैद्यकाकांनी पहिल्यांदा तगर दिलं, बागेतलं फुलझाड नव्हे, झोपेसाठीची औषधी मुळी. झोप थोडी जड झाली, पाय होते तसेच. नंतर पुतणीने शोधून सांगितलं की तगराच्या परदेशी भावंडावर, व्हॅलेरियनवर, २००९ मध्ये अमेरिकेत याच विकारासाठी प्रयोग झाला होता. आठ आठवडे रोज ८०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तर खऱ्या गोळीत आणि औषध नसलेल्या, नुसत्या दाखवायच्या गोळीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पुतणी बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझ्या या सगळ्या प्रवासात तिचा वाटा मोठा आहे. तिनेच आणखी एक सांगून ठेवलं: या आजारात दाखवायच्या गोळीनेही बऱ्याच जणांना खराखुरा आराम पडतो, तेव्हा पहिल्या आठ दिवसांवरून कुठल्याच औषधाची परीक्षा करू नकोस. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

मग वैद्यकाकांनी खाजकुयली काढली. कपिकच्छू, त्यांच्या भाषेत. आमच्याकडे कोकणात ती गडग्यावर, रानाच्या कडेला आपोआप चढते. पावसाळा सरता सरता जांभळ्या फुलांचे घोस लोंबतात आणि थंडीत शेंगा तपकिरी मखमलीने भरतात. ती मखमल अंगाला लागली की काय होतं ते इथल्या पोराटोरांना सांगावं लागत नाही. लहानपणी आम्ही ओलं शेण चोळून घेतलेलं आहे. औषध त्या कुसांत नाही, आतल्या बियांत आहे. वैद्यकाका बिया दुधात उकळतात, वरची साल काढतात, वाळवतात, मग दळतात. ‘शोधन केल्याशिवाय हे कुणाला द्यायचं नाही’ असं त्यांनी मला बजावलं होतं. पुढे वाचनात आलं की मोझांबिकमध्ये १९८९ साली, युद्धाच्या आणि उपासमारीच्या दिवसांत, लोकांनी याच जातीच्या बिया खाल्ल्या. एरवी त्या उकळून पाणी फेकत. तेव्हा पाण्याचीच टंचाई, म्हणून ते फेकलं गेलं नाही. कितीतरी माणसांना भ्रम झाले. वैद्यकाकांचा हट्ट किती रास्त होता, ते तेव्हा पटलं.

पहिल्या रात्री तीन ग्रॅम घेतलं, कोमट दुधातून. पाठ टेकली आणि सवयीने वाट पाहत राहिले. काही आलं नाही. उजवी पोटरी गप्प, डावी गप्प. मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहिले, कारण स्वस्थ पडणं म्हणजे काय ते मला अनुभवायचं होतं. यांना उठवून सांगितलं. हे म्हणाले, ‘मग झोप ना आता.’ आणि खरंच झोपले.

पहाटे चारच्या सुमारास जाग आली, तेव्हा वळवळ परत होती.

गुरुवार

काल अर्धवट राहिलं. चूर्णाचा गुण कशामुळे येतो, ते आज लिहिते; माझ्या मते सगळी किल्ली तिथे आहे.

या बियांमध्ये लेव्होडोपा असतं, साधारण शंभराला तीन ते सहा भाग. कंपवाताच्या रुग्णांना गोळीतून देतात तेच द्रव्य. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या आपल्याच शास्त्रज्ञांनी ते खाजकुयलीच्या बियांतून वेगळं काढलं होतं. कंपवातावर आधुनिक वैद्यकात त्याचा उपयोग सुरू व्हायला त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षं लागली. मेंदूत त्याचं डोपामाइन होतं, म्हणजे पेशींचे निरोप पोचवणारं रसायन, आणि या पायांच्या विकारात डोपामाइनचंच गणित बिघडलेलं असतं. म्हणजे माझा आराम मनाचा खेळ नव्हता. मला औषध मिळत होतं.

पण मग औषधाचे सगळे नियम त्यालाही लागू. लेव्होडोपा अंगात फार टिकत नाही. तासा-दीड तासात रक्तातलं निम्मं उरतं. पहाटेची वळवळ त्यातूनच. दुधातल्या, डाळीतल्या प्रथिनांशी त्याची आतड्यात स्पर्धा चालते, म्हणून मी वैद्यकाकांना विचारून ते दुधाऐवजी पाण्यातून आणि जेवणानंतर दोन तासांनी घ्यायला लागले. गुण लवकर यायला लागला, मळमळही जास्त झाली. गोळीत मळमळ आवरायला कार्बिडोपा मिसळलेलं असतं, चूर्णात ते नाही. शिवाय एका वर्षीच्या बिया आणि दुसऱ्या वर्षीच्या बिया सारख्या नसतात. चमचा तोच, आत किती आहे ते कुणी सांगावं? नैराश्याच्या काही औषधांबरोबर ते चालत नाही, रक्तदाब उतरू शकतो, ज्यांना पूर्वी भ्रम झाले असतील त्यांनी तर हातही लावू नये. ‘झाडपाल्याचं आहे, त्याने काय होतंय’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ऐकलं की जीव कळवळतो. ज्याने गुण येतो त्याने बाधाही येऊ शकते. वनस्पतीचा मान ठेवायचा तर तिला औषध मानूनच घ्यायला हवं.

त्याच रात्री, उशिरा

झोप येईना म्हणून नाही, राहिलेलं पूर्ण करावं म्हणून उठले.

गणपतीपर्यंत सगळं छान चाललं होतं. नवरात्रात वहीतल्या वेळा वर सरकायला लागल्या. आधी दहाला सुरू व्हायचं, ते साडेआठला. मग दिवेलागणीला. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या दुपारच्या सभेत माझा पाय बाकाखाली हलायला लागला, आणि पुढे तीच ओढ दंडांत जाणवली. हातांना हा त्रास आधी कधी झाला नव्हता. रोजची वेळ लिहिण्याची सवय नसती, तर मी चूर्णाचा चमचा वाढवत गेले असते. प्रत्येक रात्र सुटी पाहिली तर तेच योग्य वाटलं असतं.

वही घेऊन कोल्हापूरला न्यूरॉलॉजिस्ट बाईंकडे गेले. चूर्णाचा डबा बरोबर नेला होता. त्या रागावल्या नाहीत. वही उलटून पाहिली आणि म्हणाल्या, ‘तुम्ही लेव्होडोपाच घेताय, मात्रा तेवढी कुठे लिहिलेली नाही.’ डोपामाइनच्या वाटेने जाणारी औषधं या आजारात सुरुवातीला आराम देतात आणि महिनोन्‌महिने रोज घेतली की काहींच्या बाबतीत आजारालाच बळ देतात: लवकर सुरू होतो, जोर धरतो, हातांत पसरतो. याला त्या ऑगमेंटेशन म्हणाल्या. त्या सगळ्या औषधांत लेव्होडोपा यासाठी सर्वांत बदनाम. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या निद्राविकार तज्ज्ञांच्या संस्थेने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तर ही औषधं सरसकट रोज देऊ नयेत असंच सुचवलं आहे, आणि गॅबापेंटिनच्या गटातली, एरवी नसांच्या दुखण्यावर देतात ती औषधं व लोह यांना पुढचं स्थान दिलं आहे.

त्यांनी पहिल्यांदा लोहच तपासलं. माझं हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे आजवर प्रत्येकाने ‘उत्तम’ म्हणून बाजूला ठेवलेलं. फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, मात्र १९. लॅबच्या कागदावर हाही आकडा ठीकच होता, त्याला लाल खूण नव्हती. पण या विकारात फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असेल तर लोह द्यावं असं तज्ज्ञ सांगतात. मेंदूला डोपामाइन तयार करायला लोह लागतं, आणि या रुग्णांत रक्तात पुरेसं दिसत असतानाही मेंदूच्या काही भागांत ते कमी पडतं. आजी डोळ्यांपुढे आली. सात बाळंतपणं, सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलंसुरलं जेवणं, वर दिवसभर चहा.

वैद्यकाकांना मी हे सगळं सांगितलं. ते जरा वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘ताई, हळूहळू उतरवू. एकदम तोडायचं नाही.’ डॉक्टरबाईंचंही तेच मत होतं. आठवड्या-आठवड्याने चूर्ण कमी करत आणलं. ते दिवस कठीण गेले. रात्री अंगणात येरझाऱ्या, पोटऱ्यांवर गार पाण्याच्या धारा, तिळाचं तेल चोळून चोळून हात भरून यायचे. हे कधीकधी माझ्याबरोबर तुळशीभोवती फिरत, काही न बोलता. लोहाची गोळी दिवसाआड, लिंबूपाण्याबरोबर, चहापासून दूर. दिवसाआड घेतलेलं लोह अंगी अधिक लागतं म्हणे. आणि चूर्ण व लोह यांत कित्येक तासांचं अंतर, कारण पोटात ती दोन्ही एकमेकांना धरून बसतात आणि कशाचाच उपयोग होत नाही.

महाशिवरात्रीच्या सुमारास वेळा परत खाली उतरायला लागल्या. हातांतली ओढ गेली. आता बहुतेक रात्री सौम्य असतात, काही पूर्ण रिकाम्या.

चूर्ण मी सोडलेलं नाही. लेकीकडे मुंबईला रात्रीच्या गाडीने जायचं असतं तेव्हा, किंवा सप्ताहात एखादं कीर्तन बसून ऐकायचं ठरवते तेव्हा, एक मात्रा घेते. दोन मात्रांमध्ये पुष्कळ दिवस जाऊ देते. हे दोघांनाही माहीत आहे, वैद्यकाकांना आणि डॉक्टरबाईंना. या झाडाबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. स्वस्थ पडून राहण्याचं सुख मला पहिल्यांदा त्याने दिलं.

शनिवार, संध्याकाळ

वन्संचा पनवेलहून फोन आला होता. त्यांचेही पाय रात्री राहत नाहीत म्हणे, सहा महिने झाले. ‘वहिनी, तुमच्या चूर्णाचा एक डबा पाठवा ना, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर.’

मी डबा पाठवणार नाही असं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, तसं आवाजात कळलं. मग मी विचारत गेले. वन्सं, सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? सर्दीसाठी रात्री एक घेतात, जिने छान गुंगी येते. पित्ताचं मळमळतं म्हणून दुसरी एक. गेल्या वर्षी भाऊजी गेल्यानंतर मनासाठी सुरू केलेली तिसरी. मी त्यांना पाकिटांवरची नावं एकेक करून वाचायला लावली आणि लिहून घेतली. गुंगी आणणारी ॲलर्जीची औषधं, मळमळीवरची मेटोक्लोप्रमाइड, नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या, ही सगळी पायांची वळवळ वाढवू शकतात. वन्संच्या यादीत तिन्ही प्रकार निघाले. त्यावर खाजकुयली गेली असती तर काय झालं असतं, या विचाराने पोटात गोळा आला.

मनासाठीची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, हे दोनदा बजावलं. बाकी डॉक्टरांना काय विचारायचं ते मोबाइलवर लिहून पाठवलं: या तीन गोळ्यांपैकी कुठली बदलता येईल, फेरिटिन किती आहे, मूत्रपिंडाची तपासणी कधी झाली होती, साखर किती आहे. सर्दीच्या गोळीऐवजी गुंगी न आणणारी एखादी चालेल का, हे सर्वांत आधी विचारा म्हटलं. एखादे वेळी तेवढ्यानेच भागेल.

‘आणि नाही भागलं तर?’

मग वैद्यकाकांकडे मी स्वतः घेऊन जाईन, सगळ्या कागदांसकट. सोमवारी त्या सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जाणार आहेत. रिपोर्ट आला की फोटो पाठवा, लाल खूण असो वा नसो, असं सांगून ठेवलंय.