काका, मोटर!

मे महिन्यात दुपारी दोनला नागपुरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. ऐकू येतात ते फक्त कूलर. आणि मधूनच कुणाच्या तरी गच्चीवरून भरलेल्या टाकीचं पाणी धो-धो वाहायला लागतं. तो आवाज आला की मला बसवत नाही. तळवे भाजले तरी गच्चीवर जाऊन ओरडतो, "काका, मोटर!"

लहानपणी आमच्याकडे लोखंडी कूलर होता. सकाळी नळ आले की तो बादल्यांनी भरायचं काम पोरांचं. पहिलं पाणी पडलं की कूलरच्या जाळीतल्या ओल्या वुडवूलचा, म्हणजे लाकडाच्या किसाचा, वास सुटायचा आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या खऱ्या सुरू व्हायच्या. आईची एकच ताकीद असे: पायात स्लिपर घाला. अनवाणी पायांनी पत्र्याला हात लावला की झिणझिणी थेट कोपरापर्यंत. पाणी आणि विजेचं नातं आम्हाला असं कळलं.

नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्रातही कूलरच आहे म्हणा ना, फक्त आभाळाला टेकलेला. टॉवरमध्ये गरम पाणी वरून खाली पडतं, हवा वर चढते, थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि बाकीचं गार होतं. त्यासाठी पेंच धरणाचं, म्हणजे आपल्या पिण्याचंच पाणी लागायचं. मग भांडेवाडीला रोज १३ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करू शकणारं केंद्र झालं आणि तिथलं पाणी कोराडीला जाऊ लागलं. म्हणजे आमच्या मोरीतून गेलेलं पाणी वीज होऊन घरी परत येत असेल! मला हे फार आवडतं. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, "म्हणून का भांडी विसळताना नळ सोडून ठेवता?"

नळाचं पाणी तरी कुठे आपसूक येतं? पेंचहून गोरेवाड्याला, तिथून सेमिनरी हिल्सच्या टाक्यांत, जागोजागी पंप. शेवटी आपली मोटर. कागदावर १ युनिट विजेत १००० लिटर पाणी ३६७ मीटर चढतं. घरच्या मोटरी बहुतेकदा त्याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. वाटेत पाइप फुटला, की तिथवर आणायला लागलेली सगळी वीज त्या पाण्यासोबत नालीत.

परवा हे सगळं शेजारच्या काकांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे मोटर बंद केली. "पाण्याचं बिल मी भरून राहिलो, लाईटचंही मीच भरून राहिलो. तू कायले टेन्शन घेऊन राहिला बे?"

उत्तर आहे माझ्याकडे. पण ४५ डिग्रीत, गच्चीवर उभं राहून नाही देता येत.