टँकर रोज रात्री झोपेत रिकामा होत होता

आमच्या मेंटेनन्सच्या बिलात पाण्याचे दोन रकाने असतात. एक ‘महापालिका पाणी’, दुसरा ‘टँकर’. पहिल्यात पावणेतीनशेच्या आसपास आकडा असायचा, दुसऱ्यात हजाराच्या वर. आम्ही राहतो मुंबईच्या पश्चिम उपनगरात, नऊ मजली इमारतीत, घरं ३६. सोसायटीचं खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं तोवर हे दोन आकडे मीही इतरांसारखीच मुकाट्याने भरत होते. मग एप्रिल २०२५ मध्ये मुंबईतल्या टँकरवाल्यांनी संप केला. विहिरी आणि बोअरच्या पाण्याला केंद्रीय भूजल प्राधिकरणाची परवानगी सक्तीची केल्याचा तो वाद होता. महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली टँकर ताब्यात घ्यायची तयारी केली आणि चार-पाच दिवसांत संप मिटला. पण तेवढ्यात आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे महाभारत झालं, त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी एक रास्त प्रश्न विचारला होता: “मुळात आपल्याला टँकर लागतोच का?”

उत्तर कोणाकडेच नव्हतं. म्हणून मी आधी महापालिकेचं बिल घेऊन बसले.

ते एकदा समजलं की सोपं आहे. एक युनिट म्हणजे हजार लिटर. माणशी १५० लिटर आणि एका घरात पाच माणसं, असं धरून सदनिकेमागे रोजचे ७५० लिटर साध्या दराने मिळतात. त्यापुढे टप्पे आहेत: माणशी १५० ते २०० लिटरमधलं पाणी दुप्पट दराने, २०० ते २५० मधलं तिप्पट, त्याच्या वर चौपट. साधा दर तेव्हा हजार लिटरला सहा-साडेसहा रुपये होता. त्यावर मलनिःसारण आकार, म्हणजे पाण्याच्या आकाराच्या ७० टक्के. आमच्या ३६ घरांचा साध्या दराचा वाटा रोजचा २७ हजार लिटर होतो आणि मीटर दाखवत होता २९ हजारांच्या आसपास. म्हणजे आम्ही दुप्पट दराच्या टप्प्यात जेमतेम पाऊल टाकलेलं. महिन्याला सगळ्या इमारतीचे मिळून दहा हजार रुपये. शंभर किलोमीटरवरच्या भातसा-वैतरण्याहून शुद्ध होऊन आलेलं पाणी घरटी पावणेतीनशे रुपयांत! याहून स्वस्त या शहरात वडापावसुद्धा नाही.

आणि टँकर? दहा हजार लिटरचे आम्ही अडीच हजार मोजत होतो, महिन्याला पंधरा तरी यायचे. एका टँकरच्या पैशात महापालिकेचं आठवडाभराचं पाणी येतं, म्हणजे त्या टँकरच्या वीसपट. तेव्हा बिल कमी करायचं तर महापालिकेच्या रकान्यात डोकं घालून उपयोग नव्हता. टँकर बंद झाला तरच काही हाती लागणार होतं.

गंमत अशी, की महापालिका माणशी १५० लिटर धरते तसा राष्ट्रीय मापदंड माणशी १३५ लिटरचा आहे. आमच्याकडे कित्येक घरांत दोन किंवा तीनच माणसं. २९ हजार लिटरमध्ये इमारत आरामात भागायला हवी होती. तरी टाकी दुपारी तळाला लागायची.

कुठे गळती आहे का, हे तपासायचा इंटरनेटवर सगळीकडे सापडणारा उपाय म्हणजे घरातले सगळे नळ बंद करा आणि मीटरचा छोटा काटा फिरतोय का बघा. आपल्याकडे तो चालत नाही. आमचा मीटर रस्त्यालगतच्या चेंबरमध्ये, पाणी येतं पहाटे ठरावीक वेळात, तेव्हा ते तळटाकीत पडतं आणि पंपाने गच्चीवर चढतं. मीटर फक्त तळटाकी भरताना फिरतो. वर कोणाच्या घरात काय वाहतंय याचा त्याला पत्ताच नसतो. शिवाय पाणी यायच्या आधी पाइपातली हवा सुसाट बाहेर पडते तेव्हाही काटा थोडा पळतो, हा वेगळा विषय.

म्हणून मीटर सोडून गच्ची धरली. आमची वरची टाकी आतून चार मीटर बाय तीन मीटर. म्हणजे पाणी एक सेंटीमीटर उतरलं की १२० लिटर गेलं. पीव्हीसीच्या लांब पाइपावर शिंप्याची टेप चिकटवली, पंप बंद ठेवायला सांगितलं आणि वॉचमनदादांनी रात्री एकला आणि चारला पाइप टाकीत उभा बुडवून ओल्या खुणेचा टॉर्चच्या उजेडात फोटो काढला. तीन तासांत पाणी नऊ सेंटीमीटर उतरलं होतं. १०८० लिटर! सगळी इमारत झोपलेली असताना तासाला ३६० लिटर. रात्री उठणारी म्हातारी माणसं, रात्रपाळीहून येणारे दोघे-तिघे, सगळं वजा केलं तरी तासाला तीनशेच्या जवळपास. दिवसाचे सात हजार लिटर. महिन्याच्या पंधरा टँकरचं पाणी तीस दिवसांवर वाटलं तर रोजचं पाच हजार येतं. अख्खा टँकर गळतीत जात होता, वर थोडं महापालिकेचं पाणीही.

गळती कुठे असेल? भिंती ओल्या नव्हत्या, पाइप नवे होते. प्लंबरने क्षणभरही विचार न करता सांगितलं, “मॅडम, फ्लश.”

आधी आमच्याच घरापासून सुरुवात केली. फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद टाकायची, अर्धा तास कोणी फ्लश करायचा नाही, मग भांड्यात बघायचं. एका संडासात पाणी स्वच्छ होतं. दुसऱ्यात भांड्याच्या मागच्या बाजूने एक पिवळी रेघ उतरत होती, इतकी बारीक की हळदीशिवाय जन्मात दिसली नसती. किती जातंय ते मोजायचं म्हणून टाकीत पाणी सोडणारा खालचा अँगल कॉक बंद केला, आतल्या बाजूला पेन्सिलने पाण्याची पातळी आखली आणि अर्ध्या तासाने परत पाहिलं. पाच सेंटीमीटर खाली. टाकी आतून ४० बाय १५ सेंटीमीटर, म्हणजे सेंटीमीटरला ६०० मिलिलिटर. अर्ध्या तासात तीन लिटर, दिवसाला १४४ लिटर. आमच्या घरात चार माणसं. हा पाचवा पाहुणा अंघोळ-पाणी करून रोज राहत होता आणि त्याचं नाव रेशनकार्डावर नव्हतं.

दुरुस्ती म्हणजे तळाचं रबरी वॉशर. ते कडक होऊन कडेला चिरलं होतं. प्लंबरचं म्हणणं, टँकरच्या जड पाण्याचे क्षार बसून वॉशर लवकर जातात. ते खरं असावं, कारण जुन्या वॉशरवर पांढरा थर नखाने खरवडता येत होता. म्हणजे गळती म्हणून टँकर, आणि टँकर म्हणून पुन्हा गळती.

मग इमारतभर हळद. यात दिवस गेले, कारण लोकांना आपल्या घरात गळती आहे हे ऐकून घ्यायला आवडत नाही. “आमचा फ्लश परदेशी आहे” हे मी एकाहून अधिक घरांत ऐकलं. शेवटी कमिटीने ठराव केला की तपासणी आणि वॉशर सोसायटीच्या खर्चाने, फक्त दार उघडा. दारं उघडली. ७२ संडासांपैकी २४ गळत होते. बहुतेकांत वॉशर, काहींत फ्लोट इतका वर बसवलेला की पाणी आतल्या ओव्हरफ्लोच्या नळीतून सतत भांड्यात पडत होतं. असे फ्लश तासाला वीस-पंचवीस लिटर सहज सोडतात आणि आवाजही होत नाही. तिथे फ्लोट स्क्रूने खाली घेतला की काम संपलं, एक पैसा खर्च नाही. अडले ते भिंतीत बसवलेले फ्लश. त्यांचा सुटा भाग मागवावा लागतो, त्याची किंमत ऐकून घरमालक गप्प होतो आणि प्लंबर टाइल फोडावी लागेल की काय म्हणून काळजीत. नवीन बाथरूम करणाऱ्याला माझं एकच सांगणं: फ्लशची टाकी बाहेर दिसेल अशी घ्या, दिसायला जुनाट वाटली तरी.

घरातल्या वापराचाही हिशेब केला. त्यासाठी २० लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. बाथरूमचा नळ बादली दीड मिनिटात भरत होता. शॉवर मिनिटाला १२ लिटर. चिरंजीव शॉवरखाली दहा मिनिटं असतात, म्हणजे सहा बादल्या. सासूबाईंची अंघोळ एका बादलीत होते आणि त्यातही तळाला तांब्याभर उरतं. त्या मूळच्या लातूरच्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा त्या तिथेच होत्या. शेजारच्या घरात रोज सकाळी कालची भरलेली भांडी ‘शिळं पाणी’ म्हणून मोरीत उपडी होतात, ते पाहून त्यांचा जीव कळवळतो. “पाणी काय भात आहे का शिळं व्हायला?” असं एकदा त्यांनी तोंडावर विचारलं आणि त्या दोन घरांत आठवडाभर अबोला होता. नातवाला मात्र त्यांनी बादलीवर आणलं नाही. शॉवर पाच मिनिटांवर आला तो मी गीझर लवकर बंद करायला लागले म्हणून.

स्वयंपाकघरात जास्त गंमत होती. भांड्याला येणाऱ्या मावशी नळ सोडून घासत, त्यात शंभर लिटर तरी जात असणार. मी नळाला जाळीचं एअरेटर बसवलं, धार निम्म्यावर आली, तर त्या वैतागल्या. त्यांनीच टब मागितला. “ताई, आमच्या वस्तीत पहाटे तासभर पाणी येतं. मला पाणी वाचवायला नका शिकवू, टब द्या.” तेव्हापासून घासलेली भांडी आधी टबात, मग एकदाच नळाखाली. एअरेटर सिंकला आणि बेसिनला ठेवलं, बाथरूमच्या नळाचं काढलं; बादली भरायची त्या नळाला त्याचा काही उपयोग नाही, बादलीत तेवढंच पाणी लागतं, फक्त माणूस ताटकळतो. जाळीत टँकरच्या पाण्याची वाळू अडकायची ती दर पंधरा दिवसांनी झटकावी लागायची.

पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ मशीनचं प्रकरण सगळ्यात शेवटी सुटलं. मशीनच्या नाकारलेल्या पाण्याची नळी एका कळशीत सोडली: एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे तीन लिटर बाहेर. ते पाणी लादी पुसायला चालतं, झाडांना रोज घालू नये. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनाएवढं यंत्र मागवलं होतं. टँकर आला त्या दिवशी नळाचं पाणी सहाशेच्या पुढे, तळटाकीत निव्वळ महापालिकेचं असेल तेव्हा शंभराच्या आत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं की टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ वापरू नये. आमच्याकडे तलावाचं गोड पाणी येत असताना आरओ चालत होता तो निव्वळ टँकरसाठी. टँकर थांबल्यावर आम्ही तो काढला, नुसतं जंतू मारणारं साधं यूव्ही मशीन लावलं.

हो, टँकर थांबला. फ्लश दुरुस्त झाल्यावर वॉचमनदादांनी पुन्हा टेपचा पाइप बुडवला: तीन तासांत दोन सेंटीमीटर. मीटर २७ हजारांच्या आत आला, म्हणजे दुप्पट दराचा टप्पाही सुटला, पण त्याने घरटी जेमतेम चाळीस रुपये वाचले. खरे वाचले ते टँकरचे हजार. पावसाळ्यात टँकर एरवीही कमीच लागतात, त्यामुळे तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही. दिवाळीनंतर नेहमीप्रमाणे टँकरवाल्याचा फोन आला, डिसेंबर संपेपर्यंत त्याला एकदाही बोलवावं लागलं नाही, तेव्हा ग्रुपवरची कुजबुज थांबली. वॉशर आणि प्लंबरची मजुरी मिळून खर्च पाच टँकरांच्या आत बसला.

काहींना आता घरोघरी मीटर हवा आहे. कल्पना चांगली आहे, पण आमच्या घरांत पाणी तीन वेगवेगळ्या शाफ्टमधून येतं: दोन बाथरूम, एक स्वयंपाकघर. म्हणजे घराला तीन मीटर, इमारतीला १०८, त्यांचं वाचन दर महिन्याला कोण करणार? वॉचमनदादांनी आधीच हात जोडले आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं म्हणणं वेगळं. ते एकटे राहतात आणि सात माणसांच्या घराइतकेच पैसे भरतात. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत पाण्याचा खर्च घरातल्या नळजोडण्यांच्या संख्येवर आणि आकारावर वाटावा असं आहे. आमच्याकडे सरसकट समान वाटणी चालत आली. काकांनी एका बाथरूमचे नळ बंद करून स्वयंपाकघर आणि एकच बाथरूम ठेवायचा आणि त्या हिशेबाने पैसे भरायचा अर्ज दिलाय. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर तो आहे. सेक्रेटरींना भीती आहे की त्यांच्या मागोमाग आणखी दहा अर्ज येतील. येऊ देत. मी काकांच्या बाजूने हात वर करणार आहे.