आमची वाटचाल: अंबडच्या लेथवरून घोड्याच्या पोटापर्यंत

वडिलांनी अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात एक जुना लेथ टाकला आणि गाड्यांच्या सुट्या भागांचं जॉबवर्क सुरू केलं. बुश, पिन, स्पेसर. नाशकातल्या निम्म्या लहान गाळ्यांची हीच कथा, त्यामुळे तो भाग लांबवत नाही. मंदीत ऑर्डरी आटल्या तेव्हा आम्ही माणसांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची हत्यारं दुरुस्तीला घ्यायला लागलो. दुरुस्त करता करता बनवायलाही लागलो.

घोडा आमच्याकडे आला तो एका पशुवैद्यक डॉक्टरांमुळे. पुण्याकडच्या स्टड फार्मवर त्यांचं काम असे. त्यांनी पिशवीतून एक नीडल होल्डर, म्हणजे टाके घालताना सुई धरायचा लांब दांड्याचा चिमटा, काढून टेबलावर ठेवला. दुसरीकडून लांबी वाढवून घेतलेला, मधोमध वेल्डिंगचा जोड. टोकाला सुई धरून जरा दाबलं की दांडा वाकायचा आणि सुई जबड्यात फिरायची. "शेठ, लांबी कुणीही वाढवून देईल," ते म्हणाले, "मला आत टाके घालायचेत."

कुठले टाके, ते त्यांनी मग चहा गार होईपर्यंत समजावलं. घोड्याचं मोठं आतडं पोटात बऱ्यापैकी मोकळं असतं. डाव्या बाजूला प्लीहा (तिल्ली) आणि मूत्रपिंड यांच्यामध्ये एक खाच असते. गॅसने फुगलेलं आतडं वर सरकून तिथे अडकतं. जनावर लोळतं, पाय झाडतं, वळून वळून पोटाकडे बघतं. एकदा सुटलं तरी पुन्हा अडकू शकतं, म्हणून बरं झाल्यावर ती खाचच शिवून बंद करतात. प्लीहेच्या वरच्या कडेचं आवरण आणि मूत्रपिंडाजवळचा पडदा यांना सलग टाके.

आणि हे सगळं घोडा उभा असताना. आदल्या दिवसापासून चारा बंद, खोड्यात उभं करून डेटोमिडीनसारखं गुंगीचं औषध, डाव्या कुशीत जागा बधिर करायला लिग्नोकेन, तीन-चार छोटी छिद्रं, आत जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड. प्लीहा त्याच बाजूला असल्यामुळे पहिलं ट्रोकार, म्हणजे छिद्र पाडून हत्यारांना वाट देणारी टोकदार नळी, जपून घालावं लागतं. आडवं पाडून पूर्ण भूल दिली तर 400-500 किलोचं जनावर शुद्धीवर येऊन धडपडत उठताना पाय मोडून घेण्याची भीती. पोट उघडलं तर मधोमध फूटभर चीर आणि पुढे दोन-तीन महिने विश्रांती. मात्र ऐन पोटशुळात आतडी फुगलेली असतात, आत दुर्बीण फिरवायला जागाच नसते. तिथे पोट उघडण्यावाचून बहुतेक वेळा गत्यंतर नसतं. सारंगखेड्याच्या यात्रेत लाखांची बोली लावून घोडा घेणारे मालक हे ऐकून घेत नाहीत, असं डॉक्टर हसत हसत सांगायचे.

आमच्यासाठी प्रश्न दांड्याचा होता. माणसाच्या हत्याराचा दांडा साधारण 33 सेंटिमीटर, जाडी 5 मिलिमीटर. घोड्याला 45 तरी हवा. लांबी दीडपटही झाली नाही, पण तेवढ्याच जोराला वाक अडीचपट होतो, कारण वाक लांबीच्या घनाने वाढतो. उलट भरीव दांडा दुप्पट जाड केला तर ताठपणा सोळापट. पण भरीव करून चालत नाही, जबडा मिटवणारी सळई आतूनच जाते. आणि जाडी वाढवली की घोड्याच्या कुशीतलं छिद्रही वाढतं. आम्ही जाड भिंतीची नळी घेतली, जोड कुठेच ठेवला नाही आणि आतल्या सळईचा खेळ कमी केला. हे वाक्य लिहायला सोपं आहे.

जबड्याचं काम आमच्या लेथवाल्या मामांनी हातात घेतलं. कडक केलेल्या 420 स्टीलवर टंगस्टन कार्बाइडच्या पट्ट्या ब्रेझिंगने, म्हणजे मधे दुसरा धातू वितळवून, बसवायच्या. आच जास्त लागली की स्टीलचा कडकपणा उतरतो. दाते खोल ठेवले तर सुई घट्ट बसते, पण चुकून धागा सापडला की तो चरतो. काटेरी धाग्याचं तर विचारू नका: त्याला गाठ लागत नाही, बारीक काटेच मांसात अडकून टाका धरून ठेवतात, आणि चिमट्यात आला की नेमके तेच काटे मोडतात. मामांनी दाते बारीक ठेवले आणि कडा घासून गोल केल्या. तपासायला खाटकाकडून बोकडाची तिल्ली आणली. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून, भोकांतून दोन हत्यारं घालून, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बघत अर्धगोल सुई तिच्या आवरणातून काढायची. मामांना ते माझ्याआधी जमलं. डॉक्टरांनी पिस्तुली मूठ नाकारून सरळ मूठ मागितली. मनगट फिरवलं की सुई त्याच चालीने फिरायला हवी.

धंदा म्हणाल तर घोड्याची मागणी तुटपुंजीच. घर अजून बुश-पिनांवरच चालतं. पण त्या दांड्यासाठी बसवलेली तपासणी आता माणसांच्या हत्यारांनाही लागू आहे, आणि तिथल्या तक्रारी खरोखर कमी झाल्या.

सध्या बाहेर मारलेली गाठ आत सरकवायच्या ढकलणीवर काम चालू आहे. काही सर्जन काटेरी धाग्याच्या किमतीमुळे अजून गाठच पसंत करतात. दुरुस्तीची हत्यारं कुरिअरने घेतो, फक्त धुऊन, ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून) पाठवा. मागे एक तसंच आलं होतं, मामांनी डबा उघडला आणि दिवसभर जेवले नाहीत.