साडेतीन मिनिटांची मध्यस्थी

रविवारी उपदेश आटोपतो, पाळकसाहेब बसतात आणि मंडळीतलं कुणीतरी हातात कागद घेऊन पुढे येतं. ही मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे सगळ्यांच्या वतीने दुसऱ्यांसाठी देवाकडे मागणं. काम तीन-साडेतीन मिनिटांचं, म्हणून पाळीपाळीने कुणाच्याही गळ्यात पडतं आणि शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर आठवतं. पण एखाद्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या वळणाच्या मंडळीचं राजकारण काय आहे, हे उपदेशापेक्षा इथे लवकर कळतं. उपदेशाला नुसतं बसून राहता येतं. इथे प्रत्येक मागणीनंतर ‘आमची प्रार्थना ऐक’ म्हणावं लागतं, म्हणजे सही करावी लागते.

क्रम ठरलेला असतो. आधी जगभरची मंडळी, मग देश आणि सत्ताधारी, मग आपला परिसर, मग आजारी आणि संकटातले, शेवटी या जगातून गेलेले. शेवटच्या भागात जरा जपून चालावं लागतं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात अँग्लिकन धरून सहा मंडळ्या एकत्र येऊन सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. मुंबईतली जुनी घराणी अजूनही ‘आम्ही अँग्लिकन’ म्हणत असली, तरी शेजारच्या बाकावर बाप्तिस्ट वळणाचं कुणी असू शकतं, आणि मृतांसाठी काही मागितलेलं त्याला खपत नाही. इंग्लंडच्या मंडळीच्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकाने यावर वाट काढून ठेवली आहे: गेलेल्यांसाठी मागायचं काही नाही, त्यांच्याबद्दल आभार मानायचे. ते सगळ्यांना चालतं.

खरी कसरत सत्ताधाऱ्यांपाशी. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी विनंत्या करायला सांगितलंय, आणि तेव्हाचा राजा म्हणजे रोमचा सम्राट, ख्रिस्ती लोकांचा काही सोयरा नव्हे. इंग्लंडच्या मंडळीने मात्र या आज्ञेला बराच लोण्याचा हात लावला. 1662 च्या पुस्तकात संसदेसाठी जी प्रार्थना आहे, तिच्यात राजाला अत्यंत धार्मिक आणि कृपाळू म्हटलंय. गादीवर तेव्हा दुसरा चार्ल्स होता. त्याची रंगेल प्रकरणं साऱ्या लंडनला तोंडपाठ होती. उलट टोकही आहे. कँटरबरीचे आर्चबिशप क्रॅन्मर यांच्या 1544 च्या लिटनीत (एकाने मागण्या म्हणायच्या आणि मंडळीने उत्तर द्यायचं, अशी लांब प्रार्थना) रोमच्या बिशपच्या, म्हणजे पोपच्या जुलमातून सोडव अशी मागणी होती. 1559 च्या पुस्तकात ती गाळली. प्रार्थनेतून कुणाला हार घालायचा, कुणाला शिवी द्यायची, हा खेळ जुनाच.

मुंबईतही स्वातंत्र्याआधी राजाचंच नाव घेतलं जाई. आता राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री. नाव घ्यावं की नुसतं पद, यावर पास्टोरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीत, वाद होतात. नाव घेतलं की एक बाक खूश, दुसरा कपाळाला आठ्या घालून. पद घेतलं की कुणाचंच काही बिघडत नाही, आणि नेमकं तेच मला खटकतं. ‘आमच्या सर्व पुढाऱ्यांना सुबुद्धी दे’ ही मागणी कुणासाठीच नसते. त्यापेक्षा पदाला त्याच्या कामाशी बांधावं: पावसाळ्याआधी नाले साफ करून घेणारे पालिकेचे अभियंते, जामिनाचे अर्ज ऐकणारे न्यायाधीश, झोपडी तोडण्याच्या आदेशावर सही करणारा अधिकारी. मागणी अशी नेमकी झाली की खुशामतीला जागा उरत नाही. निवडणुकीच्या दिवसांत मतदार निर्भय राहोत, मोजणी चोख होवो, एवढं पुरे. उमेदवाराचं नाव, चिन्ह, सूचक इशारा, काहीही नको. धार्मिक जागा राजकीय प्रचाराला वापरण्यावर 1988 च्या कायद्याने बंदी आहे.

दुसरा रोग म्हणजे देवाला बातम्या सांगणं. ‘हे प्रभो, तुला ठाऊकच आहे की काल विधानसभेत...’ अशी सुरुवात झाली की समजावं, आता प्रार्थनेच्या आडून दुसरा उपदेश येतोय. एका मागणीला दोन वाक्यं, फार तर तीन. सगळा मजकूर तीनशे शब्दांच्या आत.

वाचण्याचीही तऱ्हा आहे. दगडी चर्चमध्ये वरून लांब दांड्यांचे पंखे घरघरत असतात, आवाज घुमतो, आणि वाचणारा वाक्याच्या शेवटी श्वास सोडतो. मराठीत क्रियापद शेवटी. म्हणजे ‘बेघरांना निवारा’ एवढं मागच्या बाकापर्यंत पोचतं आणि ‘मिळू दे’ पंख्यात जातं. मागणंच गायब! म्हणून शेवटचे दोन शब्द सावकाश आणि चढ्या आवाजात म्हणायचे. मंडळीने प्रतिसाद द्यावा यासाठी जे शब्द ठरलेत, ते पाचही वेळा तेच ठेवायचे. ‘प्रभो, तुझ्या दयेने’च्या जागी मध्येच ‘तुझ्या कृपेने’ आलं की अर्धी मंडळी बोलते, अर्धी वाट पाहते.

आजाऱ्यांच्या चिठ्ठ्यांचं थोडक्यात: नाव घ्या, आजार सांगू नका, आणि बरं झालेल्याचं नाव वेळेवर काढा.

लिटनीत मात्र एक ओळ आहे, ती सहसा गुळगुळीत करून वाचली जाते: कैदी आणि बंदिवान. आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे साधारण तीन कच्चे कैदी असतात, खटला न संपलेले. 5 जुलै 2021 ला आदिवासींच्या हक्कांसाठी झटणारे धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी मुंबईतच, जामिनाची वाट पाहत, न्यायालयीन कोठडीत असताना गेले. कित्येकांना तर जामीन मंजूर होतो आणि जामीनदार मिळत नाही म्हणून ते आतच राहतात. ‘जामीनदार मिळू दे’ असं नेमकं मागितलं, तर मंडळीतल्या एखाद्याने मनातल्या मनात आपली पगाराची स्लिप आठवावी, अशी निदान शक्यता तरी असते. तसंच 10 ऑगस्ट 1950 च्या आदेशाचं. त्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. पुढे 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेर. ‘सर्व पीडितांना न्याय दे’ एवढ्यावर भागवलं की ही गोष्ट निसटते, आणि ज्यांच्याविषयी ती आहे ते तिसऱ्या बाकावर बसलेले असतात.

गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगारांसाठीही हल्ली प्रार्थना होते, चांगलंच आहे. तीच मंडळी दुपारी आपापल्या सोसायटीच्या मीटिंगला जाते आणि तुंबलेल्या ड्रेनेजच्या चेंबरसाठी तीन कोटेशनं समोर येतात. सगळ्यात स्वस्त कोटेशनात बहुधा मशीन नसतं, माणूस असतो. 2013 च्या कायद्याप्रमाणे संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा कोटेशनवर सही करण्याआधी सेक्रेटरीसाहेबांना विचारायचं, जेटिंग मशीन (पाण्याच्या जोराने गटार मोकळं करणारं) लिहिलंय का, आणि नसेल तर ठेकेदाराकडून लिहून घ्यायचं.