फिलाडेल्फियाचा नाइन्थ स्ट्रीट: इटालियन बाजारात आता मक्याचा वास

फिलाडेल्फियाला जाणारी आपली मंडळी लिबर्टी बेल बघतात, आर्ट म्युझियमच्या पायऱ्यांवर फोटो काढतात आणि दिवेलागणीच्या आत न्यू जर्सीला परततात. नाइन्थ स्ट्रीटचा इटालियन मार्केट त्यांच्या यादीत असलाच तर ‘चीज घ्यायचं, अर्धा तास’ एवढाच असतो. माझी कळकळीची विनंती आहे की या रस्त्याला एक अख्खी सकाळ द्या. पाच-सहा पिढ्यांत एका वस्तीचे रंग कसे पालटतात आणि तरी बाजार कसा टिकतो, हे इतक्या कमी अंतरात दिसणारी दुसरी जागा या देशात मला माहीत नाही.

बाजार साउथ फिलाडेल्फियात आहे. उत्तरेला फिट्झवॉटर, दक्षिणेला व्हार्टन आणि मध्ये आडवी जाणारी रुंद वॉशिंग्टन अॅव्हेन्यू. आम्ही शनिवारी सकाळी गेलो, सोबत पुण्याहून आलेली माझी आत्या होती. ती पक्की शाकाहारी, त्यामुळे खाण्याची चौकशी आम्हाला प्रत्येक दुकानात करावी लागली. त्या चौकशीचा उपयोग पुढे येणाऱ्यांना होईल.

न्यू जर्सीच्या दक्षिण भागातून येणाऱ्यांनी गाडी आणूच नये. हॅडनफील्ड किंवा लिंडनवोल्डला गाडी लावून पॅटको या लोकल रेल्वेने ‘नाइन्थ-टेन्थ अँड लोकस्ट’ला उतरायचं आणि नवव्या रस्त्याने सरळ दक्षिणेकडे चालायचं. पाऊण मैलाच्या आत बाजाराचं तोंड येतं. शहरातून येणाऱ्यांनी ब्रॉड स्ट्रीट लाइनच्या एल्सवर्थ-फेडरल स्थानकावर उतरून पूर्वेला पाच चौक चालावं, म्हणजे थेट मेक्सिकन दुकानांच्या पट्ट्यात पोचाल. मला उत्तरेकडून शिरायला आवडतं, कारण बाजार ज्या क्रमाने घडला साधारण त्याच क्रमाने तो समोर येतो.

पहिल्याच चौकात सारकोनची बेकरी आहे, १९१८ पासूनची. तिथला तिळाचा पाव सकाळीच संपत येतो, म्हणून आधी तो घ्या. शाकाहाऱ्यांनी टोमॅटो पाय मागावा. जाड पावावर टोमॅटोचा घट्ट सॉस, वर नावापुरतं चीज, आणि खायचा तो गार. आत्याला तो इतका आवडला की दुपारसाठी आणखी एक तुकडा बांधून घेतला. शेजारी राल्फ्स हे १९०० साली सुरू झालेलं हॉटेल आहे. इथले जुने लोक टोमॅटोच्या सॉसला ‘ग्रेव्ही’ म्हणतात आणि रविवारची ग्रेव्ही हा घराघरातला जिव्हाळ्याचा विषय. मात्र त्यात बहुधा मांस शिजलेलं असतं, तेव्हा विचारल्याशिवाय मागवू नका.

इथून जरा आत वळा. मॉन्ट्रोज स्ट्रीटवर सेंट मेरी मॅग्डलेन दे पाझ्झी हे चर्च आहे. बिशप जॉन न्यूमन यांनी १८५२ मध्ये खास इटालियन लोकांसाठी हा पॅरिश, म्हणजे चर्चभोवतीचा धर्मसमुदाय, स्थापन केला आणि तो अमेरिकेतला पहिला इटालियन पॅरिश मानला जातो. त्या वेळी वस्ती लहान होती. पुढे दक्षिण इटली आणि सिसिलीतून माणसांचे लोंढे आले. १८८४ मध्ये अँतोनियो पालुंबो यांनी आठवा रस्ता आणि कॅथरीन स्ट्रीटच्या परिसरात नव्याने आलेल्यांसाठी भोजन-निवासाची सोय उघडली. आमच्या गिरणगावात गावाकडून आलेल्या माणसाला खाणावळवाल्या मावशींनी जो आधार दिला तोच हा. झोपायला खाट, दोन वेळचं जेवण, आणि काम कुठे मिळेल याची खबर. या माणसांना भाजी, मासळी, पाव लागणार म्हणून आजूबाजूला हातगाड्या आणि पथाऱ्या लागल्या आणि बाजार उभा राहिला. पालुंबोंच्या जागेचा पुढे मोठा नाइट क्लब झाला. १९९४ मध्ये तो आगीत गेला. आज त्या चौकात उभं राहिलं तर यातलं काहीच ओळखू येत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

क्रिश्चन स्ट्रीट ओलांडली की खरा बाजार. दोन्ही फुटपाथांवर पत्र्याचे आणि ताडपत्रीचे छज्जे, त्यांखाली लाकडी खोकी, भाजीचे ढीग, पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेले भाव. हिवाळ्यात विक्रेते पिंपात लाकडं पेटवून हात शेकतात. भाजी स्वस्त असते पण पिकलेली असते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वापरणार असाल तरच घ्या, आणि स्वतः निवडायच्या आधी विचारा, काही विक्रेत्यांना ढिगाला हात लावलेला चालत नाही.

दी ब्रुनो ब्रदर्सचं मूळ दुकान इथेच आहे. दोन भावांनी १९३९ मध्ये किराणा म्हणून ते उघडलं आणि सुपरमार्केटांपुढे किराणा टिकेना तेव्हा साठच्या दशकात चीजकडे मोर्चा वळवला. दुकान चिंचोळं आहे, वरून प्रोव्होलोनचे लांबलचक गोळे लोंबतात आणि काउंटरवरची माणसं चव दिल्याशिवाय सोडत नाहीत. २०२४ मध्ये हा व्यवसाय सुपरमार्केटवाल्यांच्या हाती गेला. ज्या सुपरमार्केटांमुळे दुकानाला वाट बदलावी लागली होती, शेवटी मालकीही त्यांच्याकडेच गेली. सेवेत मला फरक जाणवला नाही, पण आता ते घरचं दुकान नाही हे माहीत असलेलं बरं.

शाकाहाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेट या विरजणाने विरजतात, पेकोरिनो रोमानो कोकराच्या. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ‘व्हेजिटेरियन रेनेट’चं चीज मागावं. ते मिळतं आणि कुणी तोंड वाकडं करत नाही. तसंच इझग्रोच्या मिठाईच्या दुकानात कॅनोलीच्या, म्हणजे गोड चीज भरलेल्या तळलेल्या नळीच्या, पिठात डुकराची चरबी आहे का ते विचारून घ्या. हे दुकान १९०४ पासून क्रिश्चन स्ट्रीटवर आहे आणि सणाच्या आधी तिथे रांग रस्त्यावर येते.

मॉन्ट्रोज स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एका भिंतीपाशी मी बराच वेळ थांबले. १९९५ पासून इथे फ्रँक रिझो यांचं भलंमोठं भित्तिचित्र होतं. रिझो याच साउथ फिलाडेल्फियातल्या इटालियन घरातले. आधी पोलीस आयुक्त, नंतर १९७२ ते १९८० शहराचे महापौर. इथल्या इटालियन लोकांना ते आपलं माणूस वाटत, आणि शहरातल्या काळ्या लोकांच्या आठवणीत त्यांच्या पोलिसांच्या लाठ्या आहेत. त्यांच्या कारकिर्दीत, १९७९ मध्ये, केंद्र सरकारच्या न्याय खात्याने पोलिसी अत्याचारांवरून शहरावर खटला भरला होता. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतरच्या आंदोलनात, ते चित्र रंगाने झाकलं गेलं. जायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. रोज भाजी घ्यायला येणाऱ्या सगळ्यांवर त्या एका चेहऱ्याने वरून नजर ठेवावी, हे बाजाराच्या स्वभावाला धरून नव्हतं.

कारण बाजाराचा स्वभाव तोवर पार बदलला होता. इटालियन मुलं शिकली, उपनगरांत आणि नदीपलीकडे जर्सीत गेली. थंडीत पहाटे चारला उठून खोकी उतरवायला कुणाला हवं होतं? दुकानं म्हाताऱ्यांच्या हाती राहिली. १९७५ नंतर व्हिएतनामी निर्वासित आले आणि वॉशिंग्टन अॅव्हेन्यूवरच्या जुन्या गोदामांत त्यांचे बाजार उभे राहिले. नव्वदच्या दशकात मेक्सिकोतल्या पुएब्ला राज्यातून, विशेषतः पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या पायथ्याच्या सान मातेओ ओझोल्को या एका गावातून, माणसं येऊ लागली. आधी हॉटेलांत भांडी घासली, मग स्वयंपाकघरं सांभाळली, मग रिकामी दुकानं भाड्याने घेतली. आधी एक पुरुष येतो, मग भाऊ, मग बायको-मुलं. गावाकडे पैसे जातात, तिथे घर बांधलं जातं. सिसिलीच्या गावांनी शंभर वर्षांपूर्वी हेच केलं होतं.

म्हणून ‘इटालियन मार्केट आता इटालियन राहिला नाही’ ही तक्रार मला पटत नाही. ही पडती दुकानं मेक्सिकन कुटुंबांनी उघडली नसती तर छज्जे कधीच उतरले असते. मला भीती वाटते ती वेगळ्या गोष्टीची. वॉशिंग्टन अॅव्हेन्यूच्या चौकात आता फ्लॅट्सच्या नव्या इमारती आल्या आहेत. सोळाव्या रस्त्यावरचा होआ बिन्ह हा व्हिएतनामी प्लाझा २०१९ मध्ये बंद झाला आणि जागा घरबांधणीला गेली. जिथे माळ्यावरच्या खोल्यांचं भाडं खालच्या भाजीपेक्षा जास्त कमावतं, तिथे भाजी किती दिवस राहील?

कार्पेंटरच्या कोपऱ्यावर तोर्तिएरिया सान रोमान आहे. मका चुन्याच्या निवळीत शिजवून, दळून केलेल्या तोर्तिया, म्हणजे पातळ भाकऱ्या, इथे कागदात गुंडाळून गरम गरम मिळतात. आत्याने एक नुसतीच, मीठ लावून खाल्ली आणि म्हणाली, “अगं, चुन्याचा वास येतोय बघ, पण गोड लागतेय.” याच पट्ट्यातल्या किराणा दुकानांत आपल्या ओळखीचं बरंच सापडतं. आग्वा दे हामाइका या लाल सरबतासाठी लागणारी वाळलेली फुलं म्हणजे आपली लाल अंबाडी. आलेग्रिया नावाची वडी म्हणजे लाह्यांची राजगिऱ्याची वडी, कारण राजगिरा मूळचा मेक्सिकोकडचाच. चिंच, न गाळलेल्या उसाच्या गुळाच्या ढेपा, कच्ची पपई, हे सगळं आहे. उपवासाला राजगिरा शोधत फिरणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

हॉटेलात मात्र सावध राहा. बीन्समध्ये आणि तामालेसच्या (पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पदार्थाच्या) पिठात डुकराची चरबी असू शकते, भातात कोंबडीचं पाणी. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही. ‘येवा मांतेका?’ असं विचारा, म्हणजे चरबी आहे का ते कळेल. निवडुंगाची भाजी, नोपालेस, घालून केलेले टाको आम्हाला उत्तम मिळाले. थोडीशी भेंडीसारखी बुळबुळीत, पण आंबटसर आणि ताजी.

मांसाहाऱ्यांनी साउथ फिली बार्बाकोआला जावं. क्रिस्तिना मार्तिनेस यांनी कापुल्वाक या आपल्या गावची पद्धत इथे आणली, मेंढीचं मांस तासन्‌तास मंद शिजवून तोर्तियात. कागदपत्रांशिवाय आलेली ही बाई आज उघडपणे स्थलांतरित कामगारांच्या बाजूने बोलते आणि २०२२ मध्ये तिला अमेरिकेतला पाककलेचा मानाचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. ही शनिवार-रविवारची सकाळची गोष्ट आहे. दुपारी गेलात तर संपलेलं असेल.

रस्त्याच्या दक्षिण टोकाला पॅट्स आणि जीनोज ही चीजस्टेकची, म्हणजे गोमांस आणि चीज भरलेल्या पावाची, दोन दुकानं समोरासमोर आहेत. गोमांस असल्याने आम्ही खाल्लं नाही, पण जीनोजची गोष्ट सांगायला हवी. जोई व्हेंटो यांनी ते १९६६ मध्ये उघडलं. मेक्सिकन वस्ती वाढली तेव्हा त्यांनी खिडकीवर पाटी लावली की ही अमेरिका आहे, मागणी इंग्रजीत करा. प्रकरण शहराच्या मानवी हक्क आयोगापुढे गेलं आणि २००८ मध्ये आयोगाने दोन विरुद्ध एक मताने पाटी बेकायदा नाही असा निर्णय दिला. व्हेंटो २०११ मध्ये वारले, पाटी २०१६ मध्ये उतरली. इटालियन स्थलांतरितांच्या नातवाने ती लावावी याचं मला दुःख झालं. मीही या देशात मोडक्या उच्चारांनी भाजी मागत सुरुवात केली आहे.

जमल्यास मे महिन्यात या. इटालियन मार्केट फेस्टिव्हलमध्ये संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते, आणि चरबी फासलेल्या तीस फुटी खांबावर चढून वर टांगलेली बक्षिसं काढायचा खेळ २०१६ पासून पुन्हा सुरू झाला आहे. दहीहंडी पाहिलेल्या माणसाला पायथ्याशी उभं राहून ओरडल्याशिवाय राहवणार नाही. मेक्सिकन लोकांचा कार्नावाल दे पुएब्लाही वसंतातच असतो, रंगीत मुखवटे आणि बंदुकांच्या बारांसह. पण तो २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये स्थलांतरितांच्या धरपकडीच्या भीतीने रद्द झाला होता. तेव्हा तारीख आधी तपासा. आणि विक्रेत्यांचे, विशेषतः मुलांचे, फोटो विचारल्याशिवाय काढू नका. इथे अनेकांसाठी तो खरोखरच धोका आहे.

बाकी गोष्टी थोडक्यात. सोमवारी बरीच दुकानं बंद असतात, रविवारी दुपारनंतर आवराआवर होते. मंगळवार ते शनिवार, सकाळी नऊच्या सुमाराला पोचणं सर्वांत चांगलं. सुटी रोकड जवळ ठेवा, पथारीवाल्यांकडे कार्ड चालेलच असं नाही. फॅन्टेज हे १९०६ पासूनचं भांड्यांचं दुकान शेवटी बघा, कारण तिथे जड वस्तू घेतल्या जातात. उन्हाळ्यात सातव्या रस्त्यावर क्रिश्चनच्या कोपऱ्यावर जॉन्सचं लिंबाचं वॉटर आइस, म्हणजे बर्फाचं गोड सरबत, खा, त्यात काही विचारायची गरज नाही. आणि चीज घेणार असाल तर घरून बर्फाची पिशवी आणा, परतीच्या पॅटकोत ते वितळत नाही पण घाम फुटतो.